आधी पासपोर्ट, मग वॉर्सा, मग फ्लॉरेन्स

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर

चि. बाळूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू गडबडीत होतास, माझं अर्धं बोलणं तोंडातच राहिलं. म्हणून आज दुपारची भांडी आवरून लिहायला बसले. तू पाठवलेलं मे महिन्याचं वेळापत्रक बाबांनी मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून दिलंय. पोलंड, चेक, ऑस्ट्रिया, इटली. बाबांनी शाळेतला जुना नकाशा काढला. चारही देश एकमेकांना अगदी खेटून आहेत, कागल सोडलं की निपाणी यावी तसे. सूनबाई आणि छकुली बरोबर आहेत, तुम्ही तिघं पहिल्यांदाच इतक्या लांब निघालाय, याचा आम्हाला फार आनंद आहे.

पण आधी पासपोर्ट उघड. पत्र बाजूला ठेव आणि आत्ता उघड.

तुला आठवत असेल, तू इंजिनिअरिंगला असताना मी आणि बाबा सिंगापूर-मलेशियाला निघालो होतो. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट पाहिला, परत पाहिला, आणि म्हणाली, "काकू, याची मुदत चारच महिने उरलीय, सहा लागतात." यात्रा कंपनीच्या माणसाने त्या पासपोर्टच्या झेरॉक्स दोनदा घेतल्या होत्या, तारखेकडे एकदाही बघितलं नव्हतं. आणि मीही बघितलं नव्हतं, हे जास्त खरं. बाबांचा पासपोर्ट चालत होता. "तुम्ही जा," मी म्हणाले तर त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही, बॅगा उचलल्या आणि टॅक्सीला हात केला. दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेसने परत आलो. गल्लीतल्या बायकांनी ओवाळून पाठवलं होतं, त्यांच्यासमोर बॅग घेऊन उतरताना काय वाटलं ते मलाच माहीत.

म्हणून तू पाठवलेल्या फोटोत मी पहिल्यांदा तारीख पाहिली. तुझा पासपोर्ट १९ ऑगस्टला संपतो. तुम्ही तिथून निघणार २५ मेच्या आसपास. त्या देशांतून बाहेर पडल्यानंतरही पासपोर्टला निदान तीन महिने मुदत हवी, असा नियम आहे, म्हणजे २५ ऑगस्ट. सहा दिवस कमी पडतात, बाळू! सहा दिवसांसाठी सगळं अडेल. नवा पासपोर्ट आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरू नकोस. सूनबाईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, त्याला हरकत नाही, पण तिकीट त्याच नावाने काढ आणि लग्नाचा दाखला बरोबर जोड. छकुलीचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो हे विसरू नकोस, त्याचीही तारीख बघ.

व्हिसाचं मला आधी कळेना, चार देश म्हणजे चार व्हिसे का? बाबांनी समजावलं. लक्झेंबर्गमध्ये शेंगेन नावाचं एक लहानसं गाव आहे. १४ जून १९८५ ला तिथे मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला, की आपसातल्या सीमेवरची तपासणी काढून टाकायची. आज त्यात २९ देश आहेत. एक व्हिसा आणि आत मोकळं. वॉर्साच्या विमानतळावर मात्र रांग लागेल. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद ठेवायची नवी पद्धत सुरू झालीय, तेव्हा पुढचं विमान किंवा गाडी लगेचची धरू नकोस.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हे मात्र तुझ्या रात्रींवर ठरतं. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, आणि दोन देशांत दिवस सारखेच पडत असतील तर जिथे पहिला पाय ठेवणार त्या देशाकडे. म्हणून रात्री आधी पक्क्या कर. नाहीतर इटलीकडे अर्ज केलास आणि हॉटेलं पोलंडची जास्त निघाली, तर तिथला अधिकारी विचारणारच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर आणू नकोस. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटलाच रांग असते. मोठ्या माणसाला ९० युरो फी आहे, छकुलीला निम्मी. विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांना चालणारा आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा हवा. मी तर म्हणेन, दोन दिवस जास्तीचाच काढ.

आता तुझ्या शहरांबद्दल. आठ शहरं! वॉर्सा दोन रात्री, क्राकोव्ह दोन, प्राग तीन, व्हिएन्ना दोन, साल्झबर्ग एक, व्हेनिस एक, फ्लॉरेन्स एक, रोम तीन. एवढ्यात छकुलीचे केस विंचरायला तरी वेळ मिळेल का? एका रात्रीचा मुक्काम म्हणजे संध्याकाळी बॅगा उघडायच्या आणि सकाळी बांधायच्या, बघणं काहीच नाही. साल्झबर्गची रात्र वॉर्साला दे, व्हेनिसची फ्लॉरेन्सला. मग पोलंडच्या पाच आणि इटलीच्या पाच होतात, आणि वर सांगितलं त्याप्रमाणे अर्ज पोलंडकडे जाईल. प्रागहून व्हिएन्ना गाडीने चारेक तासांवर आहे. व्हिएन्नाहून फ्लॉरेन्सला रात्रीची झोपायची गाडी मिळते, व्हिएन्नाच्या दोन रात्रींतली एक तिच्यात जाऊ दे. तिच्या जागा लवकर भरतात, तिकीट वेळेत काढ. इटलीत साध्या गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

पैशांचं तुला जास्त कळतं. ऑस्ट्रिया, इटलीत युरो, पण पोलंडमध्ये झ्लॉटी आणि चेकमध्ये कोरुना, एवढं ध्यानात ठेव. कार्डाच्या यंत्राने "रुपयांत देता का?" विचारलं तर नाही म्हण, तिथल्याच चलनात दे, रुपयांचा दर ते आपल्या फायद्याचा लावतात.

खायचं सांगते, कारण यात मीच चूक करणार होते. राजारामपुरीतून पेढे आणि घरचं तूप द्यायचं मी मनात धरलं होतं. पण युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे पेढे नाहीत, तूप नाही, सुकं मटणही नाही. ताजा कढीपत्तासुद्धा नाही. मी कांदा-लसूण चटणी देईन, शेंगदाण्याची देईन, भडंग देईन आणि तिखटामिठाच्या पुऱ्या तेलात तळून देईन. सगळं मोठ्या बॅगेत घाल, हातातल्या बॅगेत चटणीची ओली बाटली ठेवू नकोस. पॉवर बँक मात्र हातातच ठेव. छकुलीच्या दम्याच्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ नावांसह लिहून घे आणि पंप तुझ्या खिशात असू दे, बॅगेत नाही. युरोपात कुठेही अडचण आली तर ११२ हा एकच नंबर. सूनबाईला आणि छकुलीला तो पाठ करून ठेव.

मे असला तरी स्वेटर घे. संध्याकाळी गार होतं, आणि वॉर्सात रात्री आठ वाजून गेले तरी उजेड असतो, मुलगी झोपायला तयार होणार नाही.

वॉर्साला एक रात्र वाढवायला सांगितली, त्याचं कारण सांगते. माझी आजी वळिवड्याची. १९४३ ते १९४८ मध्ये तिथे पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने त्यांना घरातून उचलून सायबेरियात नेऊन टाकलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती आपल्या गावाशेजारी आली. बराकी होत्या, शाळा होत्या, त्यांचं चर्च होतं. नंतर तिथेच सिंधी लोक आले आणि गांधीनगर झालं, जिथून आपण तुझ्या लग्नाचं कापड घेतलं. आजी कॅम्पात दूध घालायची. माप ओतलं की एक बाई रोज "जेंकुये" म्हणायची. म्हातारपणी मी चहा दिला की आजी मला "जेंकुये" म्हणायची, मला वाटायचं हा तिचाच कुठला तरी लाडाचा शब्द. कॅम्पात लहानपण गेलेली पोलंडची म्हातारी माणसं कोल्हापूर बघायला यायची, त्यांच्यातल्या एका बाईच्या तोंडून ऐकला तेव्हा कळलं, तो त्यांचा धन्यवाद आहे. मी तिथेच रडले.

त्या दूध घेणाऱ्या बाईने जाताना आजीला एक रुमाल दिला होता. पांढरा, कडेला लाल दोऱ्याची फुलं, एका कोपऱ्यातलं फूल अर्धंच राहिलेलं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. छकुलीला तिथे घेऊन जा आणि तिला "जेंकुये" म्हणायला शिकव. तिथली एखादी आजी ऐकून थांबली तर घाई करू नका, दोन मिनिटं बोला.

आणि फ्लॉरेन्स. आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज, दुसरे, १८७० साली इंग्लंडला जाऊन परत येत होते. ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्येच वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन आपल्या रीतीने झालं. काशिने बागेच्या अगदी टोकाला छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, जवळच्या पुलालाही 'इंडियानो' म्हणतात. एवढ्या लांब, आपलं कुणी नसताना, वीस वर्षांचं पोर. तुझ्या वीस वर्षांच्या वेळी मी तुला पुण्याच्या होस्टेलवर सोडून आले होते, तेच मला आठवतं. सकाळी लवकर जा, फुलं तिथलीच घे, पायातले बूट काढून नमस्कार कर.

नव्या पासपोर्टच्या अपॉइंटमेंटची तारीख मला रविवारपर्यंत कळव. चटणी एप्रिलच्या शेवटी ताजी करीन आणि घेऊन स्वतः पुण्याला येईन. रुमाल धुऊन इस्त्री करून ठेवलाय, तोही आणीन. वॉर्सात त्याचा फोटो काढ, पण रुमाल परत आणायचा.

सूनबाईला आशीर्वाद, छकुलीला गोड पापा.

तुझी,
आई