शब्बाथ आणि ‘डिजिटल उपवास’

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील ‘डिजिटल उपवास’ या लेखात ज्यू धर्मीयांच्या शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विसाव्याच्या दिवसाचा, दाखला देऊन सल्ला दिला आहे : आठवड्यातून एक दिवस फोन बंद ठेवा, जेवण आदल्या रात्रीच ऑर्डर करून ठेवा आणि दिवसभर लोळा. सल्ला आपल्या जागी ठीक असेल, पण शब्बाथला त्यात ओढायला नको होते.

शब्बाथला वर्ज्य असते ती निर्मिती, दमणूक नव्हे. निवासमंडप, म्हणजे इस्राएलांचे रानातले तंबूचे देवस्थान, उभारायला जी कामे लागली, त्यांवरून धर्मशास्त्राने वर्ज्य कामांचे 39 प्रकार ठरवले. नांगरणे, पेरणे, मळणी, निवडणे, शिवणे, दोन अक्षरे लिहिणे, आग पेटवणे आणि विझवणेसुद्धा. म्हणून घरातल्या घरात जड टेबल हलवायला हरकत नाही, काडी ओढायला मात्र आहे. पिळून तेल काढणे मळणीतच धरतात. कोकणातल्या बेने इस्राएलांचे, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, तेलाचे घाणे शनिवारी बंद असत, म्हणून तर त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. सहा दिवस माणूस जगात फेरफार करतो. सातव्या दिवशी ते जसे आहे तसे राहू देतो, कारण ते त्याने घडवलेले नाही.

हे साधते ते शुक्रवारच्या तयारीवर, आणि बिघडते तेही तिथेच. दिवे सूर्यास्ताच्या साधारण 18 मिनिटे आधी लागतात. म्हणजे मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्या आत स्वयंपाकघर आवरलेले हवे. जुलैत सातपर्यंत सवड मिळते. तांदळातले खडे दिवसाउजेडी काढून घ्यावेत, कारण निवडणे त्या 39 मध्ये येते. फ्रिजमधला बल्ब आधीच काढावा, नाहीतर दार उघडताच तो पेटतो. गीझरचे बटण बंद केले म्हणजे झाले असेही नाही : गरम पाण्याचा नळ सोडला की टाकीत गार पाणी शिरते आणि आतल्या गरम पाण्याने तापते, म्हणजे पाणी तापवण्याचे वर्ज्य काम घडतेच. दिवे लावताना बाई आधी ज्योत पेटवते, मग डोळे झाकून आशीर्वाद म्हणते. आशीर्वाद म्हटला की शब्बाथ सुरू, मग काडी ओढता येत नाही. किद्दुशला, म्हणजे पेला हाती घेऊन शब्बाथच्या प्रार्थनेला, वाइन नसेल तर आम्हा बेने इस्राएलांकडे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळलेले सरबत चालत आले आहे.

लेखातला ऑर्डरचा सल्ला मात्र खटकला. ‘अनुवाद’ या धर्मग्रंथाच्या (तोराच्या पाचव्या पुस्तकाच्या) पाचव्या अध्यायात शब्बाथची आज्ञा नुसती घरधन्याला नाही. दास, दासी, बैल, गाढव, दारी आलेला परका, सगळ्यांना विसावा. आणि कारण दिले आहे, तूही मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास. घाण्याचा बैलही त्यात आला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवार मिळाला, त्याची जातकुळी या आज्ञेशी जुळते. आपण लोळायचे आणि डिलिव्हरीवाल्या पोराने चौथा मजला चढायचा, याची नव्हे.

आणखी एक दुरुस्ती. ‘काहीही झाले तरी फोनला हात लावत नाहीत’ हे विधान चूक आहे. जिवाला धोका असेल तर शब्बाथ मोडणे हे कर्तव्यच आहे. छातीत दुखू लागल्यास लगेच फोन करायचा, गाडीने दवाखान्यात जायचे. आधी रब्बींची (ज्यू धर्मगुरूंची) परवानगी विचारत बसणे धर्मशास्त्रालाच मान्य नाही.

आपला,
एक बेने इस्राएल वाचक, ठाणे