खुले पत्र : बायका उचलल्या, गिऱ्हाइकं घरी गेली

मा. मंत्रिमहोदय यांस,
सादर नमस्कार.

पावसाळ्याआधी स्टँडमागच्या समाजमंदिरात आपण आमच्या वस्तीची बैठक घेतली होती. आमचं निवेदन आपण उभ्याउभ्याच वाचलंत, "महिनाभरात फरक दिसेल" म्हणालात आणि पुढच्या कार्यक्रमाला निघालात. निवेदनात फार काही नव्हतं. उड्डाणपुलाखाली दिवे लावा, स्टँडवरचं महिलांचं स्वच्छतागृह रात्री उघडं ठेवा, संध्याकाळनंतर तिथे महिला पोलीस असू द्या, आणि रस्त्यावर धंद्यासाठी उभ्या राहणाऱ्या बायकांकडे पोलिसांची गाडी पाठवण्याआधी त्यांच्यात काम करणाऱ्या संस्थेच्या ताईंना पाठवा, एवढंच.

फरक दिसला. गेल्या आठवड्यात पोलिसांनी मलाच उचलून व्हॅनमध्ये घातलं.

मी एका खासगी दवाखान्यात बिलिंगला आहे. दुसरी पाळी रात्री साडेदहाला सुटते आणि आमच्या बाजूची शेअर रिक्षा त्याच कोपऱ्यावर मिळते. तिथे पूर्वी एक बाकडं होतं. 'त्या' बसतात म्हणून ते उचलून नेलं, तेव्हा आता आजारी म्हाताऱ्यांपासून सगळे उभेच असतात. मीही उभी होते. हातात डब्याची पिशवी, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. मी मंगळसूत्र दाखवलं तर हवालदारबाई म्हणाल्या, "सगळ्याच घालतात." ओळखपत्र दाखवलं तर म्हणाल्या, "साहेबांना दाखवा." साहेबांनी ते हातातही घेतलं नाही. नवऱ्याला बोलावून घ्या, आधार कार्ड आणायला सांगा, मग बघू. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी लागते, न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, एवढं मलाही माहीत आहे. तसं म्हटल्यावर उत्तर तयार होतं : अटक कुठे केलीय, चौकशीला आणलंय.

नवरा आला. त्यानं सही केली, म्हणून मी सुटले. वीस वर्षं नोकरी करणाऱ्या बाईची ओळख पटवायला शेवटी एक पुरुष लागला. व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसलेली बाई मला म्हणाली होती, "ताई, रडू नका, तुमचं सुटेल." तिचं बरोबर होतं. तिच्यासाठी सही करायला कोणी येणार नव्हतं.

सकाळपर्यंत त्या रात्रीचा फोटो आमच्या प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होता. 'धडक कारवाई' असं वर लिहिलेलं. ओढणीनं तोंड झाकलेल्या रांगेत ओढणी नसलेली एकटी मी, कारण तोंड झाकायचं असतं ही सवयच मला नाही. शेजारच्या काकूंनी विचारपूस केली. ती विचारपूस कशी असते हे आपल्याला कधी कळणार नाही. माझ्या दहावीतल्या मुलीनं क्लासला जायचं नाही म्हणून दोन दिवस दार लावून घेतलं. दवाखान्यातल्या सुपरवायझरनं "काही दिवस सकाळची पाळी घ्या" असं सुचवलं, म्हणजे रात्रपाळीचा भत्ता गेला. हे नुकसान कोण भरून देणार? आपलं खातं की आमच्या प्रभागाचे दक्ष नागरिक?

आता कोणी म्हणेल, बाईंना एकदम त्या बायकांचा पुळका आला. पुळका आलेला नाही. निवेदनावर माझीही सही होती, आणि ती रागानं केलेली होती. सकाळी गटारीत निरोध पडलेले दिसतात. जागेवरून त्यांची भांडणं होतात तेव्हा खिडक्या बंद कराव्या लागतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अनोळखी बाइक तासन्‌तास उभ्या असतात. त्रास आहे, खोटं कशाला बोलू? पण माझ्या मुलीला क्लासहून येताना "किती?" असं विचारणारा बाइकवाला होता, त्या बायकांपैकी कोणी नव्हती. उलट त्यांच्यातलीच एक चप्पल घेऊन त्याच्या मागे धावली. पोलिसांत तक्रार द्यायला गेलो तर "गाडीचा नंबर घेतला का?" हा पहिला आणि शेवटचा प्रश्न होता.

या बायका इथे आल्या कुठून, हे आपण कधी विचारलंत? माझं माहेर नागपूरचं, इतवारीतलं. गंगाजमुना ही तिथली धंद्याची जुनी वस्ती, ती म्हणजे काय हे तिथल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ती वस्ती पोलिसांनी सील केली. बॅरिकेड लावले, जमावबंदी लावली. पेपरांत मोठमोठे मथळे आले, आता शहर स्वच्छ होणार म्हणून. बायका रस्त्यावर बसून आंदोलन करत होत्या, आई फोनवर सांगायची. मग पुढे काय झालं, तेही तिनंच सांगितलं. जिथे कधी नव्हत्या तिथे त्या दिसायला लागल्या, कुठे बायपासला, कुठे बाजाराच्या मागे, कुठे भाड्याच्या खोलीत. वस्तीत असताना निदान आरडाओरडा केला तर शेजारचं दार उघडायचं. आता गाडीत बसायचं की नाही हे एका क्षणात ठरवायचं, कारण मागून पोलिसांची जीप येते आहे. सतरंजीखाली केर सारायचा आणि घर झाडलं म्हणायचं, तशातली ही स्वच्छता.

आमच्याकडेही तेच झालं. जुन्या बाजारातल्या खोल्या पाडल्या, घरमालकांनी नोटिसा दिल्या, लॉजवाल्यांनी भाव वाढवले, आणि धंदा पुलाखाली आला. संस्थेच्या ताई पिशवीत निरोध घेऊन फिरायच्या, बायकांना एचआयव्हीच्या तपासणीला सिव्हिलमध्ये घेऊन जायच्या. परवाच्या मोहिमेनंतर त्यांच्या यादीतल्या निम्म्या बायका कुठे आहेत हे त्यांनाच माहीत नाही. औषध चालू असलेल्याही त्यातच आहेत. झाला ना फरक!

आणि कायदा? मी वकील नाही, पण या आठवड्यात रात्री झोप लागत नाही, तेव्हा वाचत बसते. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात आदेश दिला. कोलकात्यात १९९९ साली एका बाईचा खून झाला, तिथून हे प्रकरण सुरू झालं. २०११ मध्ये न्यायालयाने समिती नेमली, आणि अकरा वर्षांनी हा आदेश आला. त्यात काय आहे? पोलिसांनी या बायकांशी माणुसकीनं वागावं, शिवीगाळ आणि मारहाण करू नये. बलात्काराची तक्रार घेऊन आली तर तिला सगळी वैद्यकीय मदत मिळावी. निरोध जवळ सापडला तर तो पुरावा धरू नये. कारवाईच्या बातम्यांत तिची ओळख उघड होईल असा फोटो छापू नये. त्या रात्री माझ्यासमोर प्रत्येकीची पर्स टेबलावर ओतून निरोध मोजले गेले, आणि मग फोटो काढले गेले. आदेश आपल्या खात्यापर्यंत पोहोचला नसेल तर सांगा, झेरॉक्स मी पाठवते.

पोलीस ज्याला पिटा म्हणतात, तो अनैतिक व्यापार रोखण्यासाठीचा १९५६ चा कायदाही पाहिला. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावलं म्हणून बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. तोच गुन्हा पुरुषानं केला तर जास्तीत जास्त तीन महिने. वाहवा! पण त्याच कायद्याचं सातवं कलमही आहे. शाळा, देऊळ, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत धंदा चालला तर बाईबरोबर तिच्याकडे आलेला पुरुषही गुन्हेगार ठरतो. आमच्या कोपऱ्यापासून मारुतीचं देऊळ आणि झेडपीची शाळा दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. मग व्हॅनमध्ये एकही पुरुष का नव्हता? जीप वळताना दिसली तशा तीन गाड्या शांतपणे सुरू होऊन निघून गेल्या. त्यांना कोणी हातसुद्धा दाखवला नाही.

पैसे नाहीत असं म्हणू नका. एका मोहिमेला किती जीपा, किती डिझेल, किती माणसांचा ओव्हरटाइम लागतो, ते लाखांत जात असणार. तेवढ्यात पुलाखाली दिवे लागून वर्षभराचं बिल भरून झालं असतं. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, याच राज्यानं सुमारे एकतीस हजार बायकांना महिना पाच हजार आणि शाळकरी मुलं असलेल्यांना वर अडीच हजार देऊ केले, तीन महिन्यांसाठी, एक्कावन्न कोटींची तरतूद करून. म्हणजे मोजायचं ठरवलं की मोजता येतं. देशभरात आठ-नऊ लाख बायका आहेत असा एड्स नियंत्रणवाल्यांचा जुना आकडा मी वाचला. चुकत असेल तर दुरुस्त करा, पण आपल्या जिल्ह्यात किती आहेत तेवढं तरी सांगा. रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र त्यांना द्या, असं न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्येच राज्यांना सांगितलं होतं. त्या व्हॅनमधल्या कितीजणींकडे ते होतं? कार्ड नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून दीड हजाराच्या यादीत नाव नाही. सगळ्या बहिणी लाडक्या, पण पुलाखालच्या सोडून.

खरं सांगायचं तर भांडण आता फक्त या कोपऱ्याचं राहिलेलं नाही. आम्ही दवाखान्यांत रात्रपाळ्या करायच्या, मॉलमध्ये शटर पडेपर्यंत उभं राहायचं, लग्नाच्या हॉलमध्ये रात्री बारापर्यंत पोळ्या लाटायच्या, आणि रस्त्यावर आलो की सरकारला आमच्यात 'चांगली' कोण आणि 'तसली' कोण हे निवडायचं असतं. निवडणार कोण? जो हप्ता कुठून किती येतो हे जाणतो तोच. प्रचाराला रात्री अकराला आमच्या बायकांना सभेत बसवता तेव्हा नाही कोणी आधार कार्ड मागत. स्वच्छतागृहाला नऊ वाजता कुलूप लागतं, कारण 'गैरवापर होतो'. म्हणजे नऊनंतर बाईला लघवीला लागणं हाच गैरवापर. अधिवेशनात महिला सुरक्षेवर भाषणं होतात, बाकं वाजतात. आमचं बाकडं तेवढं परत द्या.

आता मागण्या. तो फोटो ज्यानं काढून बाहेर पाठवला त्याची चौकशी करा आणि मला लेखी कळवा. माफी मागायची असेल तर फक्त माझी मागू नका, त्या रांगेतल्या सगळ्यांची मागा, नाहीतर मलाही नको. संस्थेच्या ताईंना, स्टँडवरच्या बायकांच्या दोन प्रतिनिधींना आणि आम्हा रहिवाशांना एकत्र बसवा. जागा, वेळ, कचरा, भांडणं यावर त्याच बैठकीत मार्ग निघेल, कारण त्यांनाही आमच्याइतकाच त्या बाइकवाल्यांचा वैताग आहे. आणि त्यांच्यात कोणी अल्पवयीन असेल, कोणाला डांबून आणलेलं असेल, तर ते त्याच तुम्हाला पहिल्यांदा सांगतील, व्हॅन पाहून पळावं लागलं नाही तर. दिवे आणि स्वच्छतागृहाचं तर आपणच बोलला आहात.

पुढची मोहीम काढायचीच असेल तर गाड्यांपासून सुरुवात करा. "नंबर घेतला का?" असं मागे विचारलं होतं ना? आता घेतले आहेत. सोबत यादी जोडली आहे. त्यातल्या एका पांढऱ्या गाडीच्या काचेवर 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी आहे. ती कोणाची, हे माझ्यापेक्षा आपल्या कार्यालयाला लवकर सापडेल.

कळावे,
स्टँडमागच्या वस्तीतील एक रहिवासी