कंत्राट मिळाल्यानंतरची अडचण

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या परिवहन खात्याने ऑक्टोबर 2025 मध्ये 'डीबीई' (डिसअ‍ॅडव्हांटेज्ड बिझनेस एंटरप्राइझ) योजनेचा नियम बदलला. महामार्ग, विमानतळ वगैरे कामांत वंचित उद्योजकांना वाव देणारी ही योजना. कृष्णवर्णीय किंवा महिला मालकाला आपोआप वंचित धरणे आता बंद झाले असून प्रत्येकाने आपली अडचण पुराव्यानिशी मांडायची आहे. 'अमेरिकेतले आरक्षण संपले' असे मात्र याला म्हणता येणार नाही. 1983 पासून त्या योजनेत असलेले 10 टक्के हे उद्दिष्ट होते. ते गाठले नाही म्हणून कोणाचे काम राखून ठेवले जात नव्हते.

खरा राखीव वाटा व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहराने 1983 मध्ये ठेवला होता. पालिकेच्या कंत्राटाची किमान 30 टक्के रक्कम अल्पसंख्याकांच्या फर्मना पोट-कंत्राट म्हणून द्यायची. शहराची निम्मी वस्ती कृष्णवर्णीय, आणि आधीच्या पाच वर्षांत अल्पसंख्याकांना मिळालेली मुख्य बांधकाम कंत्राटे अवघी 0.67 टक्के. तरीही 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली. लोकसंख्येशी तुलना चालणार नाही, कामास पात्र फर्म किती ते दाखवा, असा न्यायालयाचा रोख होता. पण पात्र फर्म मुळात थोड्या का, याचे बरेचसे उत्तर बाँडमध्ये, म्हणजे कंत्राटदारासाठी एखाद्या कंपनीने दिलेल्या हमीत, आहे.

सरकारी कामाला परफॉर्मन्स बाँड आणि पेमेंट बाँड लागतात. केंद्र सरकारच्या कामांना तर 1935 च्या मिलर कायद्यापासून. एक काम पुरे करण्याची हमी, दुसरी मजूर, पुरवठादार यांचे पैसे चुकते करण्याची. बाँड देणारी कंपनी आधी ताळेबंद मागते. ढोबळ हिशेब असा की खेळत्या भांडवलाच्या साधारण दहापट काम मिळते. हाती 40 हजार डॉलर असतील, तर चार लाखांच्या आसपास. शिवाय फर्मच्या मालकाची, बहुतेकदा त्याच्या जोडीदाराचीही, वैयक्तिक हमी लिहून घेतात, म्हणजे राहते घर पणाला. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांत धोक्याच्या म्हणून लाल रंगवलेल्या वस्त्यांत (कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वस्त्या त्यांत होत्या) कर्ज सहजी मिळत नव्हते, घरांच्या किमती वाढल्या नाहीत, आणि त्याचा परिणाम आज नातवाच्या ताळेबंदावर दिसतो. लघुउद्योग प्रशासन बाँड कंपनीला 90 टक्क्यांपर्यंत नुकसानभरपाईची हमी देते, ही सोय चांगली आहे. पण लेखापालाने तपासलेला, चालू कामांचा खर्च वेगवेगळा दाखवणारा हिशेब नसेल, तर अर्ज बरेचदा तिथेच अडतो.

आता बाँडही मिळाला, काँक्रीटचे तीन लाख डॉलरचे पोट-कंत्राटही मिळाले असे धरू. पहिल्या महिन्यात 80 हजारांचे काम झाले, त्यावर खर्च 70 हजार. बिल महिनाअखेर जाते, वास्तुविशारद मोजमाप तपासतो, इमारतीचा मालक मुख्य कंत्राटदाराला पैसे देतो, मग तो खाली देतो. दहा टक्के रिटेन्शन (काम पुरे होईपर्यंत रोखून ठेवलेली रक्कम) कापून 72 हजार हाती येईपर्यंत साठ-पासष्ट दिवस उलटलेले असतात. तोवर दुसऱ्या महिन्याची मजुरी (दर आठवड्याला), सळई आणि शटरिंग धरून 1 लाख 40 हजार खर्च झालेले असतात. याच प्रमाणात संपूर्ण कामाचा नफा साडेसदतीस हजार आणि अडकलेले रिटेन्शन तीस हजार. म्हणजे बहुतेक नफा कागदावर, आणि तो इमारतीचे शेवटचे रंगकाम होईपर्यंत सुटत नाही, जरी पायाचे काम वर्षभर आधी संपले असले तरी.

केंद्रीय कामांत सरकारने 14 दिवसांत आणि पैसे मिळाल्यावर मुख्य कंत्राटदाराने सात दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. खासगी कामात राज्याराज्यांचे कायदे वेगळे, आणि पुष्कळदा कराराचीच भाषा चालते. 'मालकाने दिले तरच देऊ' असे एक वाक्य सही करताना नजरेतून सुटले की बऱ्याच राज्यांत संपले. जादा कामाचेही तसेच. साइटवरचा सुपरवायझर तोंडी सांगतो, 'भिंत दोन फूट वाढव', आणि लेखी सूचना करारातल्या मुदतीत, सातच दिवस असू शकतात, गेली नाही म्हणून ते बिल नाकारले जाते. बिनशर्त लियन वेव्हर (थकलेल्या पैशांसाठी मिळकतीवर असलेला हक्क सोडल्याचा कागद) धनादेश वटण्याआधी सही करून देणे ही आणखी एक चूक. पैसे बुडाले तर मिळकतीवरचा हक्कही गेलेला असतो.

वंचितांच्या नावाआड दुसऱ्याच कंपन्या काम घेतात, हा बनावट फर्मचा आक्षेप खरा आहे, तो झाकू नये. ट्रकच्या दारावर चुंबकी पाटी, ती उचलली की खाली दुसऱ्याच कंपनीचे नाव! पण त्यावर तपासणीचे नियम आहेत: मजूर कोणाच्या पगारावर, माल कोणाच्या नावे, देखरेख कोणाची. हे पाहायला निरीक्षक साइटवर पाठवावा लागतो. कार्यालयात बसून कागद तपासला की पाटीच दिसते.

धोरणकर्त्यांनी वाट्याचे टक्के मोजण्याआधी करारातल्या चार गोष्टी बदलाव्यात: सुरुवातीच्या जमवाजमवीची वेगळी रक्कम, साइटवर आणून ठेवलेल्या मालाचे बिल, मोठ्या कामाचे छोटे तुकडे, आणि पोट-कंत्राटदाराचा भाग संपून तपासला गेला की त्याचे रिटेन्शन तिथेच मोकळे. यातले एकही कलम वर्णावर आधारलेले नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर न्यायालयातही अडणार नाही.

आपला,
बांधकामाची अंदाजपत्रके व बिले पाहणारा एक वाचक