डोमिसाईलची फाईल आणि राष्ट्रपतीपद

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरमधे एका वाचकांचं पत्र आलं होतं, की अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व्हायला १४ वर्षं देशात राहिलेलं असावं लागतं मग आपल्याकडे असा नियम का नाही, उद्या कोणीही एनआरआय विमानातून उतरेल आणि राष्ट्रपती होईल. आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर पण ते फिरलं, सगळ्यांनी अंगठे दिले. मला काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

कायद्याने त्यांचं बरोबर आहे. आपल्या घटनेच्या कलम ५८ मधे नागरिक हवा, ३५ पूर्ण हवेत, लोकसभेला उभं राहायची पात्रता हवी, लाभाचं पद नको, एवढंच आहे. इथे किती वर्षं राहिलात हे कोणी विचारत नाही. त्यात २०१० च्या दुरुस्तीने परदेशातल्या भारतीयांना पण मतदार यादीत नाव घालता येतं, म्हणजे अमेरिकेत न्यू जर्सीत कित्येक वर्षं असलेला माझा भाचा (पासपोर्ट अजून आपलाच) कागदोपत्री पात्र. त्याला हे सांगायला नको, तिकडे पेढे वाटेल.

पण असा नियम केलाच, तर उमेदवार देशात राहिला की नाही हे ठरवणार कोण? मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी डोमिसाईल काढायचं होतं, १५ वर्षांचा रहिवास दाखवा म्हणे. आम्ही आधी कोपरखैरण्याला भाड्याने, तिथलं लाईट बिल घरमालकाच्या नावावर, मधला एक भाडेकरार गायब, आणि शाळेच्या कागदावर त्याच्याही आधीचा पत्ता. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "राहत असाल हो, पण त्या दोन वर्षांचा पुरावा कुठाय?" माणूस चांगला होता, फाईल झाली शेवटी. आता हाच प्रश्न राष्ट्रपतीपदाच्या उमेदवाराला विचारला जाणार, आणि विचारणारा सरकारच्या मर्जीतला असला तर काय?

मी उगाच घाबरवत नाहीये. आफ्रिकेतल्या टोगोमधे २००२ ला घटना बदलून उमेदवार आधीचे १२ महिने देशात राहिलेला हवा असं घातलं, विरोधी नेते गिलख्रिस्ट ऑलिंपियो तेव्हा जिवाच्या भीतीने देशाबाहेर, झालं, २००३ च्या निवडणुकीतून बाद. आफ्रिकेतल्याच आयव्हरी कोस्टला १९९४ च्या निवडणूक कायद्यात सलग ५ वर्षं रहिवासाची अट आली, आणि त्या वेळी तिथले माजी पंतप्रधान अलासान वॉतारा वॉशिंग्टनला आयएमएफमधे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत) नोकरीला. योगायोग म्हणायचं का? पुढे तेच वॉतारा तिथले राष्ट्राध्यक्ष झाले ते वेगळं.

आणि ज्या अमेरिकेचं उदाहरण दिलंय तिथे तरी काय, ती १४ वर्षं सलग की तुकड्यातुकड्याने हे घटनेत लिहिलेलंच नाही. हर्बर्ट हूवर १९२८ ला निवडून आले, त्याआधी वर्षानुवर्षं लंडनला राहिलेले, शेवटची १४ वर्षं सलग मोजली तर भरत नव्हती, तरी झालेच की. मेक्सिकोचं त्यातल्या त्यात बरं, एकूण २० वर्षं आणि निवडणुकीआधीचं अख्खं वर्ष देशात, ३० दिवसांपर्यंत बाहेर गेलात तर खंड धरत नाहीत.

आपण हा प्रयोग राज्यसभेला करून बघितलाय. ज्या राज्यातून उभे राहणार तिथलेच मतदार हवेत असा नियम होता, म्हणून १९९१ ला आसाममधून राज्यसभेवर गेलेल्या मनमोहन सिंगांचा पत्ता गुवाहाटीतल्या भाड्याच्या घराचा. ते राहायचे दिल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. नियम पाळला गेला, आसामला त्यातून काय मिळालं देव जाणे. २००३ ला ती अटच काढली आणि सुप्रीम कोर्टाने २००६ ला ते मान्य पण केलं.

राहता राहिला विमानातून उतरणारा एनआरआय. राष्ट्रपतीपदाच्या फॉर्मवर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, ते पण मतदान करणारे खासदार-आमदारच. माझ्या भाच्याला ऐरोलीचा नगरसेवक ओळखत नाही, तो शंभर सह्या कुठून आणणार?

- एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई