बार्शी लाईट आमचीही होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला लातूरच्या ओस पडलेल्या नॅरोगेज स्थानकावरचा लेख आवडला. पण बार्शी लाईट या अरुंद रुळांच्या जुन्या रेल्वेबद्दल लिहिणारे बहुतेक जण बार्शी, कुर्डुवाडी, लातूर एवढ्यावरच थांबतात, तसा हा लेखही थांबला. मिरज एका वाक्यात उरकलं आहे. आम्हा बेळगावकडच्यांची बार्शी लाईट तर मिरजेलाच सुरू व्हायची!

आधी एक दुरुस्ती. ही जुनी गाडी धाराशिव शहरात जात नव्हती, ती येडशीवरून जायची. धाराशिवला रेल्वे आली ती ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला तेव्हा. त्याच कामात लातूरचं नवं स्थानक गावाबाहेर गेलं आणि जुनं रिकामं पडलं.

कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. मोठी रेल्वे तिथून जायची आणि कापसाची पेठ असलेलं बार्शी वीसेक मैल आत. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये हे अंतर अडीच फुटी रुळांनी जोडलं. एका आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याचं गणित. (आमचं चिकोडी रोड स्थानकही चिकोडीपासून असंच लांब. चिकोडीला मात्र कोणी कॅल्थ्रॉप भेटला नाही.) पुढे गाडी 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. 1954 च्या 1 जानेवारीला सरकारने ती कंपनीकडून ताब्यात घेतली.

1927 ची ती जोडणी आमच्या भागासाठी मोठी होती. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाईन बेळगाव, घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ करत मिरजेला यायचीच. आता तिथे गाडी बदलली की आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला करत थेट पंढरपूर. आषाढीला डब्यात जागा नाही मिळाली तर माणसं टपावर चढायची. माझी आज्जी सांगायची, एका बाकावर तुकोबांचे अभंग चाललेले असत, समोरच्या बाकावर पुरंदरदासांची कानडी पदं, आणि टाळ दोघांत मिळून एकच. 1956 नंतर आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. वारीला जाणाऱ्यांचं मिरजेला गाडी बदलणं काही थांबलं नाही.

1971 मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आली आणि मिरजेत तिन्ही मापांचे रूळ एकत्र नांदू लागले. नव्वदच्या दशकात बेळगाव-लोंढ्याकडची मीटरगेज गेली, 2010 च्या सुमारास पंढरपूरची लहान गाडीही. सोय वाढली, याबद्दल तक्रार नाही. आता गाडीच्या मागे लागून डब्यात बोचकी फेकावी लागत नाहीत. पण तिन्ही रूळ पाहिलेले हमाल, रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, फलाटावरचे चहावाले आता थकले आहेत. लातूरला निदान दाखवायला इमारत आहे. मिरज-पंढरपूरच्या या गाडीचं बरंचसं फक्त माणसांच्या तोंडी उरलं आहे.

पुढच्या एखाद्या पुरवणीत मिरज ते सांगोला या टप्प्यावर लेख यावा आणि त्यासाठी बेळगाव, अथणी, रायबागच्या वाचकांकडूनही जुने फोटो, तिकिटं, आठवणी मागवाव्यात. कानडीतून आलेल्याही घ्याव्यात. उगार-शेडबाळकडच्या म्हाताऱ्यांना गाठून लिहून काढायचं काम मी करीन.

आपला,
एक वाचक, उगार खुर्द, जि. बेळगाव