बोस्टनच्या बागेतल्या मावशींना

मावशी, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून मावशीच म्हणते. मराठी तुम्हाला कळणार नाही, पण बाबांच्या वतीने लिहायचं तर दुसऱ्या भाषेत जमेना.

तुमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर आमचा पार हिरमोड झाला होता. शहर दाखवणाऱ्या माणसाने "तिकडे बघण्यासारखं काही नाही" म्हणून विषयच संपवला. बागेत एकाला विचारलं, तर त्याने मानही वर केली नाही. बाबा म्हणाले, "चल, जाऊ परत." गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी टेकत ते एवढं चालून आले होते. १९४२ साली, महायुद्धाच्या काळात भाजीपाल्यासाठी सुरू झालेली फेनवे व्हिक्टरी गार्डन्स अजून नांदती आहे, साडेसात एकरांत पाचशेवर वाफे आहेत, हे कळल्यापासून त्यांनी ध्यासच घेतला होता. युद्धानंतर तिथे बांधकामं करायचे बेत झाले, तेव्हा रिचर्ड पार्कर आणि बाकीचे बागवाले हटले नाहीत, ही गोष्ट तर ते येईल-जाईल त्याला सांगत.

तुम्ही जाळीपलीकडे वाकून तण काढत होतात. बाबा थबकलेले पाहून तुम्ही फाटक उघडलंत, बादली पालथी घालून त्यांना बसवलंत. आणि मग हातातल्या खुरप्याची मूठ ॲप्रनला नीट पुसून ती त्यांच्याकडे केलीत. टोमॅटोच्या ओळीकडे बोट दाखवलंत.

ऑपरेशनपासून आम्ही त्यांना एकच सांगतोय, "बाबा, बसा." चाळीस वर्षं शेती केलेला माणूस, आणि त्याच्या हातातलं सगळं काढून घेतलं, मीसुद्धा. त्यांना काय हवंय ते तुम्हाला दोन मिनिटांत दिसलं. अनोळखी म्हाताऱ्याशी प्रेमाने बोलणारे पुष्कळ भेटतात हो, पण आपल्या वाफ्यातली ओळ त्याच्यावर सोपवणारं कोण असतं?

पहिलं तण उपटून त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही मान डोलावलीत. मग अर्धा तास दोघंही गप्प. तणातली घोळीची भाजी मात्र त्यांनी फेकली नाही, मुळं झटकून गुडघ्यापाशी रचत राहिले. आमच्याकडे हिची भाजी करतात, असं मी सांगितल्यावर तुम्ही हसलात, आणि आपल्या बाजूची घोळही उपटून कागदी पिशवीत भरून दिलीत.

मावशी, रात्री भाजी झाली. निवडायला बाबा स्वतः बसले, आणि मी त्यांना उठवलं नाही.