शनिवारच्या स्टारची आठवण 🌟

मंडळी, नाताळचा स्टार घरीच करायचं ठरलंय ना, तर शनिवारी संध्याकाळी 5 वाजता गच्चीवर या, रेडिमेडच्या किमती बघितल्या की घरचाच बरा वाटतो. प्रत्येक घराने बांबूच्या सारख्या लांबीच्या 10 काड्या, 5 छोट्या काड्या, दोरा आणि पतंगाचा कागद आणायचा, सगळं हर माल वाल्याकडे नाहीतर स्टेशनरीच्या दुकानात मिळतंय. फेव्हिकॉल नको, मैद्याची खळ मी करून आणते, त्यात मोरचूद (कीड लागू नये म्हणून घालतात ते, पण विषारी असतं) घालत नाहीये कारण पोरं हात घालणारच.

पाच-पाच काड्यांचे दोन स्टार बांधायचे, एकावर एक ठेवून पाचही टोकं घट्ट बांधायची आणि मग आत जिथे काड्या एकमेकांना क्रॉस होतात तिथे छोट्या काड्या आडव्या अडकवायच्या की स्टार मस्त फुगतो, हे नाही केलं तर चपटाच राहतो. कागद ताणून नका लावू, खळ वाळली की आपोआप ताणला जातो. मागची एक बाजू दिव्यासाठी उघडी ठेवा, आणि दिवा एलईडीच हां, जुना पिवळा बल्ब तापतो, कागद पेटेल. जुन्या लग्नपत्रिका असतील तर त्याही आणा, त्यातला सोनेरी कागद नाताळच्या देखाव्यातल्या येशूजन्माच्या गोठ्याला लागेल. कात्री आपापली आणा प्लीज, मागच्या वेळी सगळे माझीच मागत होते 😀